पाणी येण्याचा दिवस तोच कोरडा दिवस: उन्हाळ्यात डास, झुरळे, मुंग्या आणि ढेकणांचा बंदोबस्त

मराठवाड्यातल्या अनेक शहरांत उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि टंचाईच्या वर्षी हे अंतर आठवड्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाते. साहजिकच प्रत्येक घरात पिंपे, टाक्या, हंडे, रांजण आणि बादल्या काठोकाठ भरून ठेवलेल्या असतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती जातीच्या डासाला उष्ण हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात. हे दोन आकडे शेजारी मांडले की उन्हाळ्यातल्या डासांचे कोडे बरेचसे सुटते, कारण आठ दिवसांनी पुन्हा पाणी आल्यावर आपण अर्धे भरलेले पिंप तसेच वरून भरून घेतो आणि तळाशी वळवळणाऱ्या पिढीला आणखी एक आठवडा बहाल करतो. पाऊस नसताना डास आले कुठून, असे विचारणाऱ्या माणसाच्या न्हाणीघरातच त्याचे उत्तर झाकण न लावता ठेवलेले असते.

म्हणून या लेखात फवारा आणि कॉइल सुरुवातीला येत नाहीत. आधी पाणी, मग दारे-खिडक्या, मग अंगाचे संरक्षण आणि सर्वांत शेवटी औषध, हाच क्रम डासांच्या बाबतीत उपयोगी पडतो. झुरळे, मुंग्या आणि ढेकूण यांचा विचार त्यानंतर केला आहे, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि डासांचे उपाय त्यांना लागू पडत नाहीत.

आपल्या घरात कोणता डास आहे?

ही ओळख पटवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तीन जातींचे डास तीन वेगळ्या ठिकाणी वाढतात. अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास म्हणजे एडिस. तो दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत अधिक. टेबलाखाली, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे तो दबा धरून बसतो आणि घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. एका वेळी पोटभर रक्त मिळाले नाही तर त्याची मादी एकामागून एक अनेकांना चावते. एकाच घरात दोघा-तिघांना पाठोपाठ डेंग्यू होतो, त्यामागे बहुधा हे कारण असते.

रात्री कानाशी गुणगुणणारा, तपकिरी रंगाचा डास बहुतेक वेळा क्युलेक्स असतो. तो गटारे, तुंबलेली सांडपाण्याची डबकी आणि सेप्टिक टँक यांत वाढतो, आणि हत्तीरोगाचा प्रसार त्याच्यामुळे होतो. तिसरा अॅनाफिलीस, म्हणजे हिवतापाचा वाहक. हा भिंतीवर बसताना मागचा भाग वर उचलून तिरका बसतो. शहरांत आढळणारी त्याची जात विहिरी आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या पसंत करते. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात सर्वप्रथम पाहिला तो रोनाल्ड रॉस यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादच्या छावणीत. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातले हे ठिकाण. तेव्हापासून डासाविरुद्धची लढाई मुख्यतः पाण्यात लढायची असते, हे सर्वांना माहीत आहे आणि तरीही आपण सगळा खर्च हवेत करतो.

अळ्याही ओळखता येतात. पांढऱ्या वाटीत थोडे पाणी काढून घ्यावे आणि बॅटरीच्या उजेडात पाहावे. एडिस आणि क्युलेक्सच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून टेकून डोके खाली करून तिरक्या लोंबकळतात, तर अॅनाफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. स्वल्पविरामासारखे वळलेले आणि कोलांट्या मारणारे जीव दिसले तर ते कोष आहेत असे समजावे. त्यांचे डास व्हायला आता दोन-तीन दिवसच उरलेले असतात.

पहिले काम: घराची फेरी

एका सुट्टीच्या सकाळी तासभर काढावा, हातात बॅटरी आणि पांढरी वाटी घ्यावी आणि गच्चीपासून तळमजल्यापर्यंत एक फेरी मारावी. गच्चीवर टाकीचे झाकण घट्ट बसते का आणि ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी आहे का, हे पाहावे. फुटके कमोड, रंगाचे रिकामे डबे, पत्रे उडू नयेत म्हणून वर टाकलेले टायर, ताडपत्रीच्या घड्यांत साचलेले पाणी, शहाळी आणि करवंट्या या सगळ्यांची विल्हेवाट तिथल्या तिथे लावावी. टायर फेकणे शक्य नसेल तर त्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात पाणी राहणार नाही.

घरात मात्र नजर अधिक बारीक ठेवावी लागते. फ्रीजच्या मागे, खालच्या बाजूला, बाष्प जमा होण्याची एक ताटली असते आणि ती अनेक घरांत फ्रीज आणल्यापासून कोणी पाहिलेलीच नसते. माठाखालचा थाळा, एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली, कुंड्यांखालच्या ताटल्या, शोभेच्या बाटलीतले मनी प्लँट, न वापरलेल्या शौचालयाचे भांडे आणि बंद पडलेली मोरी या सगळ्या जागा तपासाव्यात. खिडक्यांना नव्या जाळ्या बसवल्यानंतरही आमच्या घरात तीन आठवडे दिवसाढवळ्या डास चावत होते. शेवटी दिवाणखान्यातल्या ज्या काचेच्या बाटलीचे पाहुणे कौतुक करत असत, त्या मनी प्लँटच्या बाटलीतच अळ्या सापडल्या. तेव्हापासून ती वेल मातीत आहे. कुंड्यांच्या ताटल्या काढायच्या नसतील तर त्यांत काठापर्यंत वाळू भरावी. वाळू ओली राहते, पण अळीला पोहायला जागा उरत नाही.

एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याची चांगली रीत आता सर्वत्र रुळली आहे. ती बंद करण्याचे कारण नाही, मात्र ते पाणी रोज बदलावे आणि भांडे आतून घासावे. जुन्या घरांत मुंग्या चढू नयेत म्हणून दुभत्याच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत. ही युक्ती मुंग्यांपुरती उत्तम असली तरी त्या वाट्या एडिसच्या आवडत्या जागा आहेत, त्यामुळे आजही कोणी त्या वापरत असेल तर त्यांतले पाणी दर तीन-चार दिवसांनी फेकून वाटी पुसावी.

सेप्टिक टँकच्या हवेच्या नळीचे वरचे तोंड उघडे असेल तर त्यावर नायलॉनची जाळी तारेने घट्ट बांधावी. रात्रीचे डास कमी करण्यासाठी याइतका स्वस्त उपाय क्वचितच सापडेल. गावात किंवा वसाहतीत सर्वांनी मिळून हे काम एकाच दिवशी केले तर महिन्याभरात फरक कळतो.

दुसरे काम: कोरडा दिवस

आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायला सांगतो, म्हणजे त्या दिवशी घरातली सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून मग भरायची. सल्ला अगदी योग्य आहे, पण ज्यांच्याकडे सोमवारी पाणी आले आणि पुढचे पाणी पुढच्या मंगळवारी येणार आहे, त्या घरातल्या बाईला रविवारी अर्धे पिंप ओतून टाका असे सांगणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. त्यावर तोडगा असा की ज्या दिवशी नळाला पाणी येते, तोच कोरडा दिवस मानावा. पाणी येण्याच्या तासभर आधी उरलेले पाणी एका बादलीत काढून घ्यावे, ते फरशी धुण्यासाठी, झाडांना किंवा शौचालयात वापरावे आणि रिकामी भांडी आतून घासावीत. नळ रात्री येत असेल तर हे काम संध्याकाळीच उरकून ठेवावे.

घासणे ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एडिसची अंडी पाण्यात तरंगत नाहीत. ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या कडेला चिकटवलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून दिले आणि भांडे पुन्हा भरले तर तीच अंडी पाणी लागताच फुटतात. म्हणून काथ्या किंवा प्लास्टिकचा ब्रश घेऊन पिंपाची आतली बाजू, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेली जागा, जोर लावून घासावी आणि ते धुवण उन्हात कोरड्या जमिनीवर ओतावे. अळ्या असलेले पाणी गटारात ओतू नये, कारण तिथे त्यांची वाढ सुरूच राहते.

जी भांडी आठवडाभरात रिकामी होऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी झाकण हाच उपाय. पिंपाच्या तोंडावर जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे दुहेरी फडके ताणून दोरीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधावे आणि त्यावर झाकण ठेवावे. नुसते सैल झाकण पुरत नाही, कारण बोटभर फटीतून डास सहज आत जातो. सिमेंटचे मोठे हौद, गोठ्यातल्या जनावरांच्या पाण्याच्या टाक्या आणि वापरात नसलेल्या विहिरी यांत गप्पी मासे सोडावेत. हे मासे अनेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा महापालिकेच्या हिवताप विभागातून विनामूल्य मिळतात. गप्पी पिल्ले देतो, त्यामुळे थोडेसे सोडले तरी त्यांची संख्या वाढत जाते. मात्र ज्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची आहे तिथे ते टिकणार नाहीत, आणि नदी-ओढ्यात तर ते सोडूच नयेत, कारण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले असल्यामुळे स्थानिक माशांच्या वाट्याला स्पर्धा येते. आरोग्य कर्मचारी पिंपात अॅबेट हे अळ्या मारणारे औषध टाकायला आले तर त्यांना अडवू नये. ठरलेल्या मात्रेत ते साठवणीच्या पाण्यासाठी वापरले जाते. ते बाजारातून आणून स्वतःच्या अंदाजाने टाकणे मात्र टाळावे.

बांधकामाच्या जागा आणि बंद पडलेल्या शेजारच्या घरांबाबत एकट्याने फारसे काही करता येत नाही. एडिस साधारणपणे आपल्या जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरच्या आसपासच वावरतो, त्यामुळे चार घरांनी मिळून लेखी तक्रार करणे अधिक फलदायी ठरते.

जाळी, पंखा आणि मच्छरदाणी

खिडकीच्या जाळीला एका इंचात १६ ते १८ छिद्रे असावीत. त्यापेक्षा विरळ जाळी डास अडवत नाही आणि फार दाट जाळी उन्हाळ्यात वारा अडवते. जाळी बसवताना चौकटीच्या कडांकडे अधिक लक्ष द्यावे. नव्वद टक्के खिडकी झाकून उरलेली फट मोकळी ठेवली तर डास ती शोधून काढतातच. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावल्यास डासांबरोबर झुरळे आणि लहान उंदीरही अडतात, कारण पेन्सिलीएवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू आत येऊ शकते. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास दारे-खिडक्या लावण्याची सवय ठेवावी. ज्यांच्या जाळ्या चांगल्या आहेत त्यांनी मात्र उकाड्यात उगाच घुसमटून राहू नये.

डास उडण्यात कमजोर असतात. पलंगाच्या दिशेने जोरात फिरणारा टेबल फॅन त्यांना जवळ येऊ देत नाही, शिवाय माणसाच्या श्वासातला वायू आणि घामाचा वास पसरून जातो, ज्यांच्या मागावर डास येतात. वीज जाणाऱ्या गावांत हा भरवसा ठेवता येत नाही, तिथे मच्छरदाणीच खरी. तिच्या कडा गादीखाली खोचून घ्याव्यात आणि झोपण्याआधी आत डास अडकला नाही ना, हे पाहावे. दुपारी पाळण्यात झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी, कारण एडिस दिवसाच चावतो आणि घरात सर्वांचे लक्ष रात्रीच्या डासांकडे असते.

कॉइल, लिक्विड, मलम आणि उदबत्ती

कॉइलविषयी स्पष्ट बोलायला हवे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते. बंद खोलीत, मुलांच्या उशाशी, रात्रभर कॉइल लावणे म्हणजे डास घालवून दमा आणणे होय. अंगणात किंवा ओट्यावर बसताना लावली तर गोष्ट वेगळी. बाजारात सुट्या मिळणाऱ्या, नाव-पत्ता नसलेल्या डासांच्या उदबत्त्या त्याहूनही टाळाव्यात, कारण त्यांत नेमके कोणते औषध आणि किती घातले आहे हे कळायला मार्ग नसतो. कीटकनाशक असलेल्या कोणत्याही घरगुती उत्पादनावर १९६८च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी क्रमांक असावा लागतो; तो नसेल तर ती वस्तू परत ठेवून द्यावी.

विजेवर चालणारे लिक्विड तुलनेने सोयीचे आहे. झोपण्याच्या तासभर आधी खिडकी थोडी उघडी ठेवून ते चालू करावे आणि पाळण्याच्या किंवा उशीच्या अगदी जवळच्या सॉकेटला लावू नये. घरात मांजर किंवा माशांची काचेची टाकी असेल तर अधिक जपावे, कारण या वर्गातली अनेक औषधे त्यांना माणसापेक्षा जास्त बाधतात. अंगाला लावायचे मलम उघड्या हातापायांवर लावावे, लहान मुलांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ लावू नये आणि वेष्टनावरची वयाची अट पाळावी. डीईटी हे डास दूर ठेवणारे रसायन असलेले मलम दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये. दिवसा शाळेत जाणाऱ्या मुलांना ते सकाळी लावणे अधिक महत्त्वाचे आहे.

कडुनिंबाचे तेल खोबरेल तेलात मिसळून लावले तर काही वेळ उपयोग होतो, पण दर तासा-दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. कापूर, लिंबात खोचलेल्या लवंगा, गवती चहाची कुंडी यांवर विसंबून राहू नये. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी गोठ्यात ठीक आहे. घरात धूर तो धूरच, मग तो कशाचाही असो. उच्च ध्वनिलहरींनी डास पळवणारी यंत्रे आणि मोबाइलमधली तशी अॅप यांचा उपयोग होत नाही. निळ्या दिव्याचे यंत्र पतंग आणि किडे भरपूर मारते, चावणारे डास मात्र फारसे मारत नाही. टेनिसच्या रॅकेटसारखी विजेची जाळी निदान हाताला व्यायाम देते, आणि पलंगाखाली दबलेल्या एडिसला टिपायला ती खरोखरच चांगली आहे.

वसाहतीत धूर फवारणीची गाडी आली की लोकांना समाधान वाटते. तो धूर त्या वेळी हवेत उडणाऱ्या डासांना मारतो, अळ्यांना आणि अंड्यांना काहीही होत नाही आणि घरात कपाटामागे बसलेल्या एडिसपर्यंत तो बहुधा पोहोचतही नाही. साथ सुरू असताना त्याचा उपयोग आहे, परंतु नगरसेवकाकडे धूर मागण्याऐवजी घरोघरी भांडी तपासणारे कर्मचारी मागावेत, असे माझे मत आहे.

घरात कोणाला जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी किंवा अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, कारण डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूची एनएस-१ तपासणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याला चावून तोच डास घरातल्या इतरांना आजार देणार नाही.

झुरळे: फवारा ठेवून द्या, जेल आणा

स्वयंपाकघरात दिसणारी लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद रेघा असलेली झुरळे ही जर्मन झुरळे आणि मोरीतून रात्री बाहेर येणारी मोठी, लालसर झुरळे ही अमेरिकन, अशी त्यांची नावे आहेत. दोन्ही नावांचा त्यांच्या मूळ गावाशी फारसा संबंध नाही. मोठ्या झुरळांसाठी मोरीला आणि न्हाणीघराच्या जाळीला घट्ट झाकण लावणे, रात्री ते बंद ठेवणे आणि ड्रेनेजच्या फटी सिमेंटने बुजवणे एवढ्याने बरेच काम होते. लहान झुरळांचे तसे नाही. त्यांची मादी ३० ते ४० अंड्यांची डबी फुटेपर्यंत शरीराला चिकटवून फिरवते, त्यामुळे एक मादी वाचली तरी महिन्या-दोन महिन्यांत फौज पुन्हा उभी राहते.

त्यांची जागा शोधण्यासाठी रात्री अकरानंतर दिवा न लावता, बॅटरी घेऊन स्वयंपाकघरात जावे. मिक्सरच्या तळाशी, फ्रीजच्या मोटरजवळ, गॅसच्या ओट्याखाली, ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, कप्प्यांत अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांखाली आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यांत ती हमखास सापडतात. पुठ्ठ्याची खोकी घरात साठवूच नयेत, कारण किराण्याबरोबर झुरळांची अंडी घरात येण्याचा तो नेहमीचा रस्ता आहे. वर्तमानपत्रे काढून टाकावीत, ओटा रात्री कोरडा पुसावा आणि सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवू नयेत. झुरळ उपाशी काही आठवडे राहू शकते, पाण्यावाचून मात्र त्याचे लवकर हाल होतात, म्हणून गळका नळ दुरुस्त करणे हे झुरळांवरचेच औषध आहे.

त्यानंतर जेल, म्हणजे झुरळांसाठीचे विषारी आमिष, लावावे. मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके, वर सांगितलेल्या प्रत्येक फटीजवळ, हातभर अंतरावर लावावेत. एकाच जागी मोठा गोळा लावण्यापेक्षा अनेक लहान ठिपके अधिक परिणामकारक ठरतात. झुरळ ते खाऊन आपल्या बिळात जाऊन मरते आणि त्याची विष्ठा किंवा मृत शरीर खाणारी दुसरी झुरळेही मरतात, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे. त्यासाठी एक अट आहे: जेल लावल्यावर जवळपास फवारा मारू नये, खडूच्या रेघा ओढू नयेत आणि फिनाइलने पुसू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळे जेलकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही उपायांचे पैसे वाया जातात. पहिल्या आठवड्यात दिवसाही झुरळे दिसू लागतील. त्याने घाबरू नये. तीन-चार आठवड्यांनी, उरलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्यावर, जेल पुन्हा लावावे. इमारतीत राहणाऱ्यांनी एकाच डक्टवरच्या सर्व घरांत हे काम एकाच आठवड्यात करून घ्यावे, नाहीतर झुरळे वरच्या मजल्यावर पाहुणचार घेऊन परत येतात.

मोरीत ब्लीचिंग पावडर आणि आम्ल असलेले शौचालय साफ करण्याचे द्रव एकत्र टाकू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. डांबरगोळ्याही कपड्यांत किंवा बेसिनमध्ये मोकळ्या ठेवू नयेत. लहान मुले त्या खाऊच्या गोळ्या समजून तोंडात घालतात, आणि ज्या मुलांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची कमतरता असते त्यांच्या तांबड्या रक्तपेशी डांबरगोळ्यांमुळे फुटू लागतात. तान्ह्या बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवून वापरायला काढण्याची आपली पद्धत म्हणून बंद करण्याजोगी आहे.

मुंग्या, चिलटे आणि धान्यातले किडे

मुंग्यांची रांग दिसली की तिच्यावर फवारा मारण्याचा मोह आवरावा. काही जातींच्या मुंग्या फवाऱ्याने विखुरतात आणि एका वारुळाची दोन-तीन वारुळे होतात. रांग कुठून येते ते पाहून ठेवावे, मग साबणाच्या पाण्याने तिचा माग पुसावा आणि वाटेवर आमिष ठेवावे. एक कप कोमट पाण्यात आठ चमचे साखर आणि अर्धा चमचा बोरिक पावडर विरघळवून त्यात कापसाचे बोळे भिजवावेत. पावडर जास्त घालू नये. मुंगी वाटेतच मेली तर विष राणीपर्यंत पोहोचत नाही. दोन दिवस मुंग्या वाढल्यासारख्या वाटतील, नंतर रांग ओसरते. हे बोळे मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशाच जागी ठेवावेत.

आंब्याच्या दिवसांत चिलटे येणारच. साली आणि कोयी रोजच्या रोज बाहेर काढाव्यात, ओल्या कचऱ्याच्या डब्याचा तळ दर दोन दिवसांनी धुवावा आणि एका पेल्यात व्हिनेगर व दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून तो ओट्यावर ठेवावा. एवढे पुरते.

वर्षाचे धान्य भरताना गहू आणि डाळी दोन-तीन कडक उन्हे देऊन, पूर्ण थंड झाल्यावर, कोरड्या कोठीत भराव्यात. ऊब धरलेले धान्य भरले तर आत ओल धरते. तांदळाला ऊन देऊ नये, त्याचा तुकडा पडतो. त्याला सावलीत पसरावे. तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण कितीही धुतले तरी ती पोटात जाण्याची शक्यता राहते, म्हणून ती सोडून द्यावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा आज्जीच्या वेळचे बिब्बे चालतील, ज्यांच्या अंगावर बिब्बा उततो त्यांनी मात्र त्यांना हात लावू नये. रवा, मैदा आणि बेसन थोडेच आणावे आणि आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरावे.

ढेकूण आणि एक गंभीर इशारा

ढेकणांमुळे रोग पसरत असल्याचे आढळलेले नाही, पण झोप उडते आणि माणूस हताश होतो, आणि हताश माणूस धोकादायक उपाय करतो. आधी खात्री करून घ्यावी: गादीच्या शिवणीत काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे बारीक डाग आणि पलंगाच्या सांध्यांत कात टाकलेली टरफले दिसली तर ते ढेकूणच आहेत. चादरी, अभ्रे, पडदे शक्य तितक्या गरम पाण्यात धुवावेत. लाकडी पलंग सुटा करून सांध्यांत उकळते पाणी ओतावे किंवा वाफेचे यंत्र हळूहळू फिरवावे. गाद्या मेच्या उन्हात टाकणे चांगले, पण नुसते पसरल्याने आतपर्यंत ऊब पोहोचत नाही आणि ढेकूण खालच्या, सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून गादी उलटसुलट करत राहावी. अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी सगळे काम पुन्हा एकदा करावेच लागते. जुने कपाट किंवा सोफा स्वस्तात मिळाला म्हणून आणण्यापूर्वी त्याचे सांधे बॅटरीने तपासावेत.

धान्याच्या कोठारात वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना बोलीत सेल्फॉस म्हणतात, त्या ढेकणांसाठी घरात ठेवण्याचा प्रकार आपल्या राज्यात अनेकदा घडला आहे आणि त्यात माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या बातम्याही वारंवार आल्या आहेत. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या घरात शिरतो आणि त्यावर कोणताही उतारा नाही. घर बंद करून बाहेरगावी गेले तरी शेजारी झोपलेले असतात. या गोळ्या घरात आणू नयेत. शेजारी फवारणी झाल्यावर घरात अनेकांना एकाच वेळी मळमळ, उलट्या किंवा छातीत जडपणा जाणवू लागला तर ताबडतोब सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

फवारणीसाठी माणूस बोलावताना त्याच्याकडे परवाना आहे का, हे विचारावे आणि औषधाची मूळ बाटली दाखवायला सांगावे. बाटलीवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. बिनलेबलच्या बाटलीतले पांढरे पाणी फवारणाऱ्याला चहा देऊन परत पाठवावे.

मृगाच्या आधी करायचे शेवटचे काम

वळवाच्या पहिल्या सरी आल्या की गच्चीवरची कोरडी भांडी भरतात आणि उन्हाळाभर चिकटून बसलेली अंडी फुटतात, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात फेरी पुन्हा एकदा मारावी. कूलर चालू असेपर्यंत त्याची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासावी. तो बंद करून माळ्यावर ठेवायची वेळ आली की वाळा किंवा लाकडाच्या भुश्याच्या जुन्या जाळ्या काढून टाकाव्यात, टाकीची आतली बाजू, पाण्याची रेघ असलेल्या उंचीवर, साबणाने आणि काथ्याने खरवडून धुवावी, दोन दिवस उन्हात उलटी ठेवावी आणि मगच कूलर झाकून ठेवावा. नाहीतर पुढच्या होळीनंतर त्यात पहिले पाणी ओतताच यंदाची अंडी फुटायला तयार असतात.